दामल्यांचे अकरा वाढदिवस

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आलो. सोसायटीत कोणी नवीन राहायला आलं आणि विचारलं, चौथ्या मजल्यावर आधी कोण राहायचं हो, तर मी म्हणायचो, होते एक विक्षिप्त गृहस्थ, गेले सोडून. विक्षिप्त होते हे खरं. सोडून गेले हेही खरं. माझ्यामुळे गेले, एवढं मधलं वाक्य मी गाळायचो. मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. मी सोसायटीची वेबसाईट काढली आणि त्या वेबसाईटपायी एका भल्या माणसाला राहतं घर सोडावं लागलं. आता माझी सत्तरी उलटली आहे. काय झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

त्यांना मी इथे दामले म्हणतो. खरं नाव ते नाही आणि सोसायटीचंही नाव मी देणार नाही. वसई पश्चिमेला, स्टेशनपासून चालत बारा मिनिटं, इतकं पुरे.

तर, दामल्यांना वर्षाला अकरा वाढदिवस होते.

त्याचं असं. तो जमाना फॉर्मचा होता. साडी घ्या, फॉर्म भरा. चष्मा करा, फॉर्म भरा. प्रदर्शनात नुसतं डोकावलं तरी लकी ड्रॉचं कुपन हातात. नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख. आम्ही आनंदाने भरायचो, कारण एखाद्या वेळी मिक्सर लागेल अशी आशा असायची. दामलेही भरायचे, पण प्रत्येक ठिकाणी जन्मतारीख वेगळी. सरकारी कागदावर खरी, बाकी सगळीकडे मनची. साडीवाल्याला तीन मार्च, चष्मेवाल्याला चौदा ऑगस्ट, गाद्यांच्या दुकानाला नाताळचा आदला दिवस. कुठेही लिहून ठेवलेलं नाही, सगळं डोक्यात. तीस वर्षं टपाल खात्यात पत्रं निवडलेला माणूस. त्यांच्या डोक्यातच खण होते.

एकदा जुलै संपताना सकाळी आठ वाजता ते माझ्या दारात. हातात गुलाबाच्या फुलांचं एक कार्ड, चेहरा असा फुललेला की मला वाटलं नात झाली.

"सापडला," ते म्हणाले. "चष्मेवाला."

कार्ड होतं एका यात्रा कंपनीचं. चौदा ऑगस्टच्या वाढदिवसाच्या आगाऊ शुभेच्छा आणि काश्मीरच्या सहलीत सवलत. आता चौदा ऑगस्ट ही तारीख दामल्यांनी जगात एकाच माणसाला दिलेली. मला चहासुद्धा पुरा करू दिला नाही. स्टेशन रोडवर दुकानाचं शटर वर होतं न होतं तोच आम्ही दोघं पायरीवर उभे.

चष्मेवाला स्वभावाने गरीब. तो म्हणाला, "काका, शुभेच्छाच दिल्या ना त्यांनी? शिव्या तर नाही दिल्या?"

"शुभेच्छा उत्तम आहेत. पण तारीख माझी होती. मी ती तुम्हाला चष्म्यासाठी दिली, वाटायला नाही."

चष्मेवाल्याने वही काढली, पान काढलं, कार्डाशी ताडून पाहिलं, मग दामल्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "पण काका, यात तुमचं वय अठ्ठावीस येतंय. ही तारीख तर खोटी आहे."

"खोटी असली तरी माझी आहे," दामले म्हणाले.

शेवटी त्याने वही त्यांच्यापुढे केली. दामल्यांनी स्वतःच्या पेनाने आपली ओळ काळी कुळकुळीत केली, त्याला नमस्कार केला आणि चष्मा पुसायचं फडकं मात्र विकत घेतलं, कारण त्याच्यावर राग नव्हता. परत येताना ते जवळजवळ पळत होते. दामल्यांच्या घरी वृंदाने शिरा केला होता. प्रत्येक वाढदिवसाचं कार्ड आलं की ती शिरा करायची. "आज गादीवाल्यांचा वाढदिवस," असं सांगत वाटी आमच्याकडे यायची. माझी बायको मालती म्हणायची, या माणसाच्या संशयापायी आपल्याला निदान गोड तरी मिळतं.

वृंदा त्यांची मुलगी, अशी आम्हा सगळ्यांची समजूत. तिशीची असेल. फारशी बाहेर पडायची नाही. जिन्यात कोणी हाक मारली तर कधी वळून हसायची, कधी सरळ निघून जायची. दुसऱ्या मजल्यावरच्या बायकांनी तिला शिष्ट ठरवून टाकलं होतं.

दामल्यांचे तीन प्रश्न सोसायटीत प्रसिद्ध होते. कोणी काही माहिती विचारली की ते बोटं न मोडता, शांतपणे विचारायचे: कशाला? कोणाला देणार? किती दिवस ठेवणार? आवारात आलेल्या साबणाच्या सर्व्हेवालीला त्यांनी हे प्रश्न इतक्या मायेने विचारले की ती बिचारी कट्ट्यावर बसून आपल्या साहेबांबद्दलच तक्रार सांगू लागली. त्यांच्या दारावर पाटी नाही, फक्त फ्लॅटचा नंबर. खाली प्रवेशाशी नावांचा मोठा फलक होता, चोवीस घरांचा. तेवीस नावं आणि एक कोरी पट्टी. येता-जाता ती पट्टी माझ्या डोळ्यांत खुपायची. मी कंपनीत स्टोअर्सला होतो. रिकामा रकाना दिसला की माझी बोटं शिवशिवतात.

आणि भेळेचा प्रसंग. एका रविवारी मी, मालती, दामले आणि वृंदा राजोडीच्या समुद्रावर गेलो होतो. भेळ घेतली. दामल्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. पुडीच्या कागदावर काहीतरी टाइप केलेलं होतं. त्यांनी सगळी भेळ रुमालात ओतली, चिंचेच्या चटणीसकट. कागद छापील बाजू आत करून घडी घातला.

"कोणाचा तरी रक्ताचा रिपोर्ट आहे," ते म्हणाले.

मी सहज विचारलं, काय निघालंय रिपोर्टात? ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी कोणाच्या न्हाणीघराची कडी काढली. मग सांगितलं, त्यांनी फक्त नाव आणि पत्ता पाहिला, बाकी नाही. नोकरीत रोज हजारो पोस्टकार्डं हाताखालून जायची, सगळी उघडी. सुरुवातीला नजर मजकुरावर जायची. एका कार्डात कोणा बाईने आपल्या आईला काय लिहिलं होतं, ते त्यांच्याकडून वाचलं गेलं आणि आठवडाभर त्यांना जेवण गेलं नाही. तेव्हापासून त्यांनी डोळ्यांना वळण लावलं. पत्त्याची बाजू तेवढी दिसायची, दुसरी बाजू दिसायचीच नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटरवरून आम्ही त्या पत्त्यावर, वसईतल्याच होळी नावाच्या भागात. पत्त्यावरची बाई वाडीत वालाच्या शेंगा खुडत होती. ख्रिस्ती बाई, साठीची, पदर खोचलेला.

"कोन तुमी? पोस्टमन?"

"टपालातलाच. आता रिटायर झालो," दामले म्हणाले आणि घडी पुढे केली.

तिने उघडून पाहिली आणि हसत सुटली. तो कागद तिनेच रद्दीत घातला होता. "माझी साखर वाडली तर ती माझ्या अंगात. तुमाला कसला तरास?"

"तेच म्हणतोय मी, बाई. साखर तुमची आहे. भेळवाल्याची नाही."

तिने क्षणभर विचार केला. मग आमच्यासमोर त्या कागदाचे बारीक बारीक तुकडे करून केळीच्या बुंध्यात टाकले आणि आम्हाला ओंजळभर शेंगा दिल्या. स्कूटरवर मागे बसून दामले मोठ्याने गात होते. त्यांना गाता येत नव्हतं.

हा असा माणूस. आणि मी काय केलं ते आता सांगतो.

कंपनीने आम्हाला एकरकमी पैसे देऊन मुदतीआधीच घरी बसवलं, तेव्हा मी कॉम्प्युटरचा क्लास लावला. वर्गात सगळी अठरा-वीस वर्षांची मुलंमुली आणि मी. पण काय सांगू, मला वेड लागलं. एका बोटाने अक्षर दाबावं आणि ते अमेरिकेत दिसावं. क्लासच्या बाईंनी फुकटात वेबसाईट कशी काढतात ते शिकवलं आणि मी पंधरा दिवस जेवताना, झोपताना तोच विचार करत होतो. आमच्या सोसायटीची वेबसाईट. आख्ख्या वसईत तेव्हा कुठल्या सोसायटीची असेल असं वाटत नव्हतं. वर सरकणारी लाल अक्षरं, सुस्वागतम्. खाली आकडा, आपण इतकेवे पाहुणे आहात. एक पान फोटोंचं. एक पान सभासदांचं, नाव, फ्लॅट, फोन.

मी घरोघर फॉर्म घेऊन फिरलो. तेवीस घरांनी हौसेने भरला. काहींनी मुलांचे दहावीचे मार्कसुद्धा लिहिले. दामल्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि तीन प्रश्न विचारले.

कशाला? म्हटलं, सोसायटीचं नाव होईल. कोणाला देणार? मी छाती फुगवून म्हणालो, सगळ्या जगाला. किती दिवस ठेवणार? म्हटलं, कायम.

"मग नको," दामले म्हणाले.

मी घरी येऊन कॉम्प्युटरपुढे बसलो. चोविसावी ओळ रिकामी. सभासदांचं रजिस्टर माझ्याच कपाटात, नाव त्यात, फोन त्यात. मी हळूच भरून टाकलं. मालती मागे उभी होती. ती म्हणाली, "अहो, त्यांनी नको म्हटलं ना?"

मी म्हणालो, त्यांना कुठे कळणार आहे, ते कधी इंटरनेट बघतात?

"त्यांना कळणार नाही म्हणून चालतं का?" एवढंच बोलून ती आत गेली. मी फोटोंच्या पानाकडे वळलो.

फोटोंतही ते होते. एरवी कॅमेरा दिसला की दामले खांबाआड जायचे. पण ज्या दिवशी आमच्या इमारतीला पाइपाचं पाणी आलं, त्या दिवसाचा तो फोटो. आधी कित्येक वर्षं आम्ही टँकरमागे हंडे घेऊन धावलेलो. नळातून आधी हवा आली, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी, आणि सगळी सोसायटी आवारात येऊन नाचली. त्या गोंधळात दामले आणि वृंदा दोघंही कॅमेऱ्यात सापडले, भिजलेले, हसत. उत्तम फोटो आला होता. मी खाली नावं टाकली, डावीकडून.

वेबसाईटचं उद्घाटन सत्यनारायणाच्या दिवशी केलं. कॉम्प्युटर हॉलमध्ये आणला, माईकवरून एकेक पान उघडून दाखवलं. फोटो आणि सभासद, ही दोन पानं मात्र वेळेअभावी दाखवली नाहीत. वेळ भरपूर होता. दामले पहिल्या रांगेत बसले होते, सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत.

तीन महिन्यांनी, एका शनिवारी दुपारी, पस्तिशीचा एक गृहस्थ माझ्या दाराशी आला. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा पुडा, बोलणं अतिशय नम्र. म्हणाला, काका, तुम्हीच सेक्रेटरी ना? तुमची वेबसाईट पाहून आलो.

माझ्या अंगावर आनंदाने काटा आला. तोवर पाहुण्यांचा आकडा होता एकशे बारा, त्यातले शंभर मीच. हा पहिला खरा माणूस. मी त्याला खुर्ची दिली, सरकणारी अक्षरं आवडली का विचारलं. त्याने फार छान आहेत म्हटलं. मग सांगितलं, तो दामल्यांचा मुलगा. बरीच वर्षं भेट नाही, पत्ता हरवला होता. सहज बाबांचं नाव टाकून पाहिलं तर हे पान उघडलं. फोटोही दिसला.

बाप-लेकाची भेट माझ्या वेबसाईटने घडवली होती. मी चप्पल न घालताच जिना चढायला लागलो. वाटेत त्याने विचारलं, बाबांबरोबर आणखी कोण असतं? म्हटलं, तुमची बहीण असते की.

"हो," तो हसला. "बहीण."

दामले दार सहसा उघडत नसत. आतून कोण म्हणून विचारायचे आणि आवाज ओळखीचा नसेल तर गप्प. माझा आवाज ऐकला की कडी लगेच निघायची. मी ओरडलो, दामले, मी आहे, उघडा, तुमच्यासाठी गंमत आणली आहे.

कडी लगेच निघाली.

वृंदा खाली बसून तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं आणि ताट तिच्या हातून पडलं नाही, तिने ते अगदी सावकाश जमिनीवर ठेवलं. मग भिंतीला पाठ लावून उभी राहिली. दामले दोघांच्या मध्ये आले. मला म्हणाले, "तुम्ही जाऊ नका. इथेच थांबा."

मुलगा म्हणाला, "चल वृंदा, घरी चल."

"ती घरीच आहे," दामले म्हणाले. "बाहेरचा तू आहेस."

त्यांचा आवाज चढला नव्हता. मुलाने माझ्याकडे पाहिलं, मिठाई टीपॉयवर ठेवली, आणि जाताना म्हणाला, "असू दे बाबा. आता पत्ता माहीत झालाय."

दामल्यांनी कडी लावली. मग मला सगळं सांगितलं, फार थोड्या वाक्यांत. तो त्यांचा एकुलता एक मुलगा, ही त्यांची सून. लग्नानंतर दोन वर्षांत त्याने मारून तिचा डावा कान घालवला. तिला माहेर नव्हतं. "दोघांपैकी एकालाच घरात ठेवता येणार होतं," ते म्हणाले. निवृत्तीच्या पैशातून लांब वसईला फ्लॅट घेतला, नातेवाइकांना पत्ता दिला नाही, स्वतःच्या सख्ख्या भावाच्या तेराव्यालाही गेले नाहीत. मला तेव्हा कळलं की जिन्यात डावीकडून हाक मारली की ती का वळत नसे.

"माझं नाव तुम्ही घातलंत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"ते आता काढता येतं का?"

मी उत्साहाने म्हणालो, दोन मिनिटांत, आत्ता जातो आणि काढतो.

"आणि त्याने वाचलंय ते?"

वृंदा परत तांदूळ निवडायला बसली होती, पण एकच मूठ पुन्हा पुन्हा निवडत होती.

पोलिसांत ते जाऊन आले, तक्रार लिहून घेतली गेली. पण वृंदाचं जेवण सुटलं. मुलगा दोनदा कोपऱ्यावरच्या पानवाल्यापाशी उभा दिसला. दहाव्या दिवशी सकाळी खाली टेम्पो लागला.

ते दहा दिवस मी माफीची तयारी करत होतो. आंघोळ करताना म्हणून बघायचो. वाक्य ठरलं होतं. टेम्पोत कपाट चढलं, गाद्या चढल्या, दामले हिशोबाने एकेक नग मोजत उभे होते. मी पुढे झालो, तोंड उघडलं, आणि म्हणालो, "दोरी घट्ट बांधा. चिंचोटीच्या पुढे रस्ता फार खराब आहे."

दामल्यांनी मान वळवली. "आम्ही चिंचोटीवरून जाणार हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"टेम्पोवाल्याने," मी म्हणालो. मी सकाळी त्याला सहज विचारलं होतं.

ते पुढे जाऊन टेम्पोवाल्याच्या कानाशी लागले. वृंदाने मला वाकून नमस्कार केला, म्हणाली, येते काका. मी तिच्या डोक्यावर हातही ठेवू शकलो नाही. टेम्पो फाटकातून निघाला आणि चिंचोटीच्या नेमक्या उलट दिशेला वळला.

मी वेबसाईट बंद केली. सेक्रेटरीपद सोडलं. लोकांना वाटलं, गुडघ्यांमुळे.

गेल्या वर्षी एका दुपारी माझी सून केतकी घरच्या कॉम्प्युटरवर बसली होती. आमच्या बोलण्यात दामल्यांचं नाव निघालं. तिने मला न विचारता ते टाइप केलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. कुठल्याशा लहान गावाच्या वाचनालयाचा वर्धापनदिन, ग्रुप फोटो, खाली नावं, डावीकडून. शेवटच्या रांगेत एक म्हातारा, कॅमेऱ्याने टिपायच्या क्षणीच मान फिरवलेला, अर्धाच चेहरा. पण शेजारची बाई सरळ समोर बघत होती, केस थोडे पिकलेले, मोकळेपणाने हसत होती. तिच्या छातीवर ग्रंथपालाचा बिल्ला होता.

मला आनंद झाला, खरंच सांगतो. मला कॉम्प्युटरची काच पुसावीशी वाटली.

"हेच का ते काका?" केतकीने विचारलं. "वाचनालयाचा पत्ता आहे इथे. निरोप पाठवायचाय का?"

मी चष्मा काढला, पुसला, परत घातला, पुष्कळ वेळ बघितलं. म्हणालो, नाही गं. हे कोणीतरी दुसरेच.

ती उठून गेल्यावर मी पत्ता उतरवून घेतला आणि त्या वाचनालयाच्या सेक्रेटरीला साधं पत्र लिहिलं. माझं नाव घातलं नाही. लिहिलं की आपला उत्साह मी समजू शकतो, मीही त्यातलाच आहे, पण कृपा करून फोटो आणि नावं काढून टाका, आणि ज्यांची आहेत त्यांना आधी विचारत जा. का, ते विचारू नका. पंधरा दिवसांनी केतकीला ते पान पुन्हा उघडायला सांगितलं. फोटो गेला होता. मग मी पत्ता लिहिलेली चिठ्ठी फाडली. गावाचं नाव विसरायचा रोज प्रयत्न करतो आणि आता ते अधूनमधून खरंच आठवत नाही.

त्या पत्राच्या शेवटी, सहीच्या जागी, मी लिहून गेलो होतो: माझं चुकलं, मला माफ करा. पाकीट बंद करण्याआधी वाचून पाहिलं आणि ती ओळ खोडली. तिथला सेक्रेटरी गोंधळून गेला असता. त्याचं मी काहीच बिघडवलं नव्हतं.